पन्नासावी

मी कवळ्या बनवते. दिवसभर लोकांच्या तोंडाचे ठसे माझ्या टेबलावर पडलेले असतात. कुणाचे सुळे झिजलेले, कुणाची दाढ किडून पोकळ झालेली. मला त्याची कधी किळस आली नाही. किळस आली ती माझ्या भाचीच्या शाळेच्या मुख्याध्यापकांची, आणि त्यांचे दात तर लखलखीत होते.

भाची म्हणजे माझ्या थोरल्या भावाची मुलगी. शाळेच्या शेवटच्या वर्गात होती आणि वर्गातही शेवटची होती. त्या शाळेत दर चाचणीनंतर नंबर लावतात आणि नंबराप्रमाणे मुलांना बसवतात. पहिला नंबर पुढे खिडकीशी, शेवटचा पार मागे दाराजवळ, जिथे येणारा-जाणारा धक्का मारून जातो. पन्नास मुलांत हिचा पन्नासावा ठरलेला. गणिताच्या बाईंनी एकदा हजेरी घेताना हिला 'शेपूट' म्हटलं, वर्ग हसला, आणि तेच नाव पडलं. पुढे पुढे तर शिपाईसुद्धा 'ए शेपूट, दार लाव' म्हणायला लागला. दादा तक्रार करायला गेला तेव्हा मुख्याध्यापकांनी त्याला बस म्हटलं नाही. मुलगी पुढे आली की नाव आपोआप जाईल, असं सांगून उभ्याउभ्याच वाटेला लावलं. दादाही मुकाट्यानं परत आला. माझा दादा म्हणजे गरीब गाय, साहेब दिसला की याची मान खाली.

पोर मात्र माझ्या लॅबमध्ये आली की वेगळीच व्हायची. एकदा मी मेणाचा तुकडा देऊन दाढ कोरायला सांगितली. तिनं आधी स्वतःच्या दाढेवरून कितीतरी वेळ जीभ फिरवली, मग कोरायला घेतली. साच्यात बसवली तर वरच्या दाढेला नीट टेकली. मला ते जमायला वर्ष लागलं होतं, आणि मी तिला तसं सांगितलंही. त्या दिवशी ती घरी जाताना जिन्यावर गाणं म्हणत होती.

दात बनवायला शिकवणारी एक संस्था आहे. तिथे मार्क विचारत नाहीत, हात बघतात. त्यांनी हिच्याकडून दोन सुळे कोरून घेतले आणि जागा दिली. अट एवढीच की एका वेळी दोन ठिकाणी नाव नको, तेव्हा कोर्स सुरू व्हायच्या आत शाळा सोडल्याचा दाखला आणून द्या. वर्ष अर्ध्यावर सोडायचं म्हणून दादा थोडा कुरकुरला, पण पोरीचा चेहरा बघून गप्प बसला. आम्ही शाळेत अर्ज दिला. मला वाटलं, ब्याद गेली म्हणून शाळा सुस्कारा टाकेल.

दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी मुख्याध्यापक सफरचंदांची पिशवी घेऊन दारात हजर. दादाची नुसती तारांबळ उडाली. पुसलेली खुर्ची त्यानं पुन्हा पुसली. मी नुकतीच कामावरून आले होते, हाताला साच्यांचं प्लॅस्टर तसंच लागलेलं होतं, ते मी मुद्दाम धुतलं नाही. चहा पिताना ते हिला 'आपली कन्या' म्हणत होते.

मग हळूच मुद्द्यावर आले. ज्याचं नाव घेताना लोक आवाज खाली आणतात असं ते मोठं विद्यापीठ, दर शाळेच्या शेवटच्या वर्गातली वरची दहा टक्के मुलं प्रवेशपरीक्षा न घेता उचलतं. मोजणीचा एक दिवस ठरलेला असतो. त्या दिवशी पटावर जितकी नावं, त्याचे दहा टक्के. अपूर्णांक सोडून द्यायचा.

“पन्नासाचे पाच होतात,” ते म्हणाले. “एकोणपन्नासाचे चार पूर्णांक नऊ दशांश. आता नऊ दशांश मुलगी काही विद्यापीठ घेत नाही हो.” आणि स्वतःच्याच विनोदावर दात काढले.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शेपूट गळलं तर जनावराची लांबी कमी भरत होती. इतकी वर्षं जिला दारापाशी बसवली, तिच्याच जिवावर यांचा पाचवा नंबर आत जाणार होता.

पाचवी कोण, तेही त्यांनी सांगितलं. वडील नाहीत, आई दुसऱ्यांचे केस कापून घर चालवते, प्रवेशपरीक्षेचे क्लास लावायची ऐपत नाही. हे सगळं खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच माझा जास्त संताप झाला. एका गरीब मुलीला पुढे करून हा माणूस दुसरीच्या पायात पाय घालत होता. वर शब्द दिला की मोजणी होऊ द्या, मी स्वतः संस्थेच्या प्रमुखांना फोन करतो, ते उशिरा घेतील. मी म्हटलं, मग आत्ताच करा, आमच्यासमोर. त्यांनी घड्याळाकडे बघितलं आणि आता ऑफिस बंद झालं असेल म्हणाले.

मी नाही म्हणणार तोच स्वयंपाकघराच्या दारातून पोर म्हणाली, “थांबते मी.”

ते गेल्यावर मी तिच्यावर तोंडसुख घेतलं. अक्कल गहाण टाकलीस का, इथपर्यंत बोलले. ती कप विसळत होती.

“ती मला शेपूट म्हणत नाही, आत्या,” ती म्हणाली. “सगळ्या वर्गात ती एकटीच.”

मी फडकं घेऊन कप पुसायला लागले.

मग शाळेत शेपटाला तेल लावणं सुरू झालं. हिला पंख्याखालच्या बाकावर बसवलं. गणिताच्या बाई नावानं हाक मारू लागल्या, तेही आडनावासकट. दोन दिवस ताप आला तर चौकशीला शिपाई घरी आला. पोर हे सगळं हसत हसत सांगायची, आणि मला दिसायचं की तिला ते थोडं आवडतंही आहे. त्यामुळे मला जास्तच वाईट वाटायचं.

मोजणी झाली. पटावर पन्नास, आत गेले पाच. शाळेच्या फाटकावर पाच फोटोंचा मोठा फलक लागला. पाचवी धावत आमच्या घरी आली आणि हिच्या गळ्यात पडून रडली. तिला कशाचाच पत्ता नव्हता, आणि आमच्या पोरीनं तो लागूही दिला नाही. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीनंतर आमची पोर वर्गात गेली तेव्हा तिचं दप्तर उचलून कुणीतरी दाराजवळच्या बाकावर ठेवलेलं होतं.

मी संस्थेत गेले. कोर्स केव्हाच सुरू झाला होता. प्रमुख बाईंनी सांगितलं की कुणाचाही फोन आला नाही, त्यांनी वाट पाहून जागा पुढच्या मुलाला दिली. हात चांगला आहे तिचा, पुढच्या वर्षी पुन्हा सुळे कोरायला पाठवा, म्हणाल्या. बोलायला चांगल्या होत्या बिचाऱ्या. मी घरी येऊन पोरीला सांगितलं, तर ती नुसती “बरं” म्हणाली आणि कोरायचं हत्यार फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवून आली.

त्याच आठवड्यात शाळेनं आम्हाला बोलावलं. मुख्याध्यापकांच्या टेबलावर दाखला तयार होता, सहीशिक्क्यासह. आम्ही मागितला तेव्हा जो अडवून धरला होता, तो आता न मागता पुढे सरकत होता. वर्तणुकीपुढे 'अत्युत्तम' लिहिलं होतं. ते समजावू लागले की वार्षिक परीक्षा जवळ आली, नापासाचा शिक्का मुलीला जन्मभर पुरतो, त्यापेक्षा आत्ताच सन्मानानं बाहेर पडलेलं बरं. बोलता बोलता पोटातलं ओठावर आलं. यंदा शाळेला निकाल शंभर टक्के लावायचा होता.

किडलेल्या दाताचा वास येतो तेव्हा निदान कळतं तरी, आत काय आहे ते. मी विचारलं, संस्थेला फोन करणार होतात ना?

“राहून गेलं,” ते म्हणाले.

दादाचा हात सवयीनं दाखल्याकडे गेला. पोरीनं त्याच्या हातावर हात ठेवला.

“सर, पाच काढायचे होते तेव्हा मला मोजलंत,” ती म्हणाली. “आता शंभर काढताना पण मोजा. मी परीक्षेला बसणार.”

“अगं, नापास होशील तू.”

“होईन कदाचित. पण पटावर नाव आहे माझं.”

त्यांचे दात पहिल्यांदाच ओठांआड गेले. त्यांनी दादाकडे बघितलं, की बाप तरी ऐकेल. दादानं हात मागे घेतला, खिशात घातला, आणि ती म्हणते तेच, एवढंच म्हणाला. साहेब म्हणाला नाही.

दाखला टेबलावरच राहिला. आम्ही उठलो. पोर सगळ्यात शेवटी बाहेर पडत होती, तेवढ्यात बाहेर स्टुलावर बसलेला शिपाई ओरडला, “ए शेपूट, दार लाव.”

ती थांबली, त्याच्याकडे बघितलं, आणि दार सताड उघडं टाकून आमच्यापुढे चालू लागली.