भाजलेलं खत

स्नेहल एका लग्नासाठी माहेरी चिरनेरला गेली आणि इकडे सासूनं मायेनं तिचं वाटोळं केलं. मायेनं केलेलं वाटोळं फार वाईट हो, धड भांडताही येत नाही!

झालं असं. कर्नाळ्याच्या अलीकडे तिच्या सासऱ्यांची, भगवानची, भातशेती. आजूबाजूला गोदामं उठली, तशी कंटेनर यार्डवाल्यांची गाडी यांच्याही दारात येऊन उभी राहायला लागली. नवरा हरेश द्रोणागिरीला नोकरीला, त्याला शेताचं सोयरसुतक नाही. स्नेहलचा जीव मात्र त्या जमिनीत. शेतीच्या शिबिरात शिकून आली आणि सासऱ्यांना म्हणाली, "बाबा, युरिया बंद करून जिवाणू खत घालून बघू या. माती सुधारेल."

भगवान म्हणाले, "वरचा खाचर घे. पिकला तर ठीक. नाय पिकला तर पुढच्या साली सगली जमीन यार्डाला भाड्यानं."

स्नेहलनं जिवाणूंच्या दोन बाटल्या आणल्या. एक कुजलेल्या शेणखतात कालवली आणि रोपं करायच्या जागेवर ढीग घालून ओल्या गोणपाटाखाली मुरायला ठेवली. दुसरी फ्रिजमध्ये.

आता पेरणीआधी त्या जागेवर शेण-पाला पसरून जाळायचा, म्हणजे राब भाजायचा, ही तिकडची जुनी रीत. सासूचा, भामाबाईंचा, त्यात हातखंडा. ढीग बघून त्यांना वाटलं, पोरीनं राबाची तयारी केली आणि घाईत लग्नाला पळाली. ढीग ओला, म्हणून उन्हात पसरला, खडखडीत वाळवला आणि मग पेटवला. काही कसर म्हणून ठेवली नाही!

स्नेहल आली तर जमीन काळी ठिक्कर. "आई, हे काय केलंत?"

"राब भाजला. तुजा काम हलका केला गो."

स्नेहल बांधावरच बसली. "अहो, त्यात जिवाणू होते. भाताच्या मुळांना खाणं पुरवणारे. जिवंत!"

भामाबाईंनी तोंडावर हात ठेवला. "आगो बाय! जिते व्हते? एवरे जीव जालले मी?" त्या दिवशी घरात जिताड्याचं कालवण होतं, पण बाईनं मासळीला हात लावला नाही. यावरून काय ते समजा.

उरली फ्रिजमधली बाटली. लावणीच्या दिवशी स्नेहलनं खाचराच्या कोपऱ्यात खड्डा करून पाण्यात ती ओतली आणि रोपांच्या मुठी मुळांकडून त्यात भिजत ठेवल्या. पाऊस उघडून ऊन पडलं, तशा भामाबाई छत्री उघडून खड्ड्यावर बसल्या. स्वतःच्या डोक्याला ऊन लागलं तरी चालेल, त्या जिवांना लागता कामा नये. "आता मरू नका रं बाबांनो," असं पुटपुटतही होत्या म्हणे.

लावणी झाली आणि रोपं पिवळी पडली. शेजारच्या युरियावाल्या शेतात हिरवंगार आणि इकडे कावीळ झाल्यागत. स्नेहलचं जेवणात लक्ष लागेना. आपल्या हट्टापायी जमीन जाणार, हे तिला बोचत होतं. भगवान रोज विचारायचे, "सूनबाय, टाकू का थोडा युरिया?"

"नागपंचमीपर्यंत थांबा, बाबा."

पंचमीच्या आदल्या दिवशी सासरे शेतातूनच ओरडले, "स्नेहल! जरा हिकरं ये!" ती हातातलं काम टाकून निघाली. चिखलातून धावत गेली तर ते उपटलेला भाताचा एक चूड, रोपांचा जुडगा, हातात धरून उभे. मुळं पांढरीशुभ्र, दाट, मूठभर. फुटवे तर मोजवत नव्हते. मग तिनं मान वर करून सगळं खाचर पाहिलं. रोज काळजीनं बघता बघता पिवळेपणा कधी गेला, ते तिला कळलंच नव्हतं.

"सुटले गं बाई!" असं म्हणून ती चिखलातच मटकन बसली आणि हसायला लागली.

दिवाळीच्या तोंडावर लोंब्या भरून वाकल्या, तेव्हा यार्डवाल्याची गाडी पुन्हा आली. भगवान गाडीपाशी गेले. "शेठ, जमीन रिकामी नाय."

"अहो, भात कापल्यावर तर होईल ना?"

"कापल्यावर बी नाय. मातीत बिऱ्हाडा हायत. आता त्यांना कुठं घालवू?"

गाडी वळून गेली. भगवान बांधावर आले, सुनेकडे न बघताच म्हणाले, "खालची खाचरा पन पुढच्या सालापासून तुजीच. काय घालायचा, काय नाय, ते तू सांगायचा. आमी करू."

स्नेहलनं तोंड उघडायच्या आत भामाबाईंनीच तिच्या वतीनं "बरा," म्हणून टाकलं.