पाणथळातल्या बिळाची मालकीण

अहो, वाकून काय बघताय? तो नुसता चिखलाचा ढिगारा नाही, माझ्या घराचं धुराडं आहे, आणि बोलतेय ती मी, खालून. बाहेर या म्हणू नका, उजेड मला सोसत नाही.

इथली माणसं मला पाणथळातली कामारोन म्हणतात. तुम्ही विचाराल, म्हणजे झिंगा की खेकडा? दोन्ही नाही. पंजात मावेल एवढी शेवंड गोड्या पाण्यात राहिली तर जशी दिसेल, तशी मी. एकदा एका शिकलेल्या बाईंनी मला उताणी धरून सोबतच्या पोरींना सांगितलं, हिचे भाऊबंद पार ऑस्ट्रेलियात आणि मादागास्करात आहेत, फार पूर्वी या जमिनी एकमेकींना चिकटलेल्या होत्या. मला नवलच वाटलं. मला तर शेजारचं बीळसुद्धा परकं! शास्त्रात आमच्या जातीचं नाव ‘भांडखोर’ असं ठेवलंय म्हणे. त्याबद्दल तक्रार नाही.

आमचा मुलूख चिलीतला, आकोंकाग्वा नदीपासून खाली तोल्तेन नदीपर्यंत, आणि तोही फक्त पाणथळ कुरणांचा. उन्हाळ्यात जमिनीतलं पाणी खाली जातं, तसतशी मी बीळ खोल खणत जाते. आमच्याकडे पाऊस हिवाळ्यात; तो लागला की पाणी चढतं, मीही वर येते, आणि नेमकी तेव्हाच माणसं पंप घेऊन हजर. बिळाच्या तोंडाला नळी लावायची, दट्ट्या खेचायचा. पाणी, चिखल, घरमालकीण, सगळं एका दमात बाहेर.

हे कुरण ऑर्फेलिनाबाईंचं. बाई तोंडानं फटकळ, पण नियमाच्या पक्क्या. मादीच्या शेपटीखाली अंडी दिसली की ती खायच्या बादलीत जात नाही. तिच्या बिळात बोरूची काडी खोवायची, पाणी परत भरेपर्यंत तिला डब्यात ठेवायचं आणि मग त्याच बिळात सोडायचं.

त्या सकाळी डब्यात मी होते. बाईंचा नवा जावई एलिएसेर पहिल्यांदाच मदतीला आला होता. तो नदीकाठचा. तिथले आमचे चुलतभाऊ बीळबीळ फारसं करत नाहीत, दगडाखाली पडून असतात. त्यानं डबा उचलला आणि मला समोरच्या भोकात सोडून दिलं.

आत पाय टेकताच कळलं, हा वास माझा नाही. तिथली मालकीण माझ्या दुप्पट. तिनं काही विचारलं नाही, सरळ धरलं. माझी डावी नांगी गेली. मी शेपटी अंड्यांवर घट्ट दुमडली, तरी काही ओरबाडली गेलीच. कशीबशी मागे सरकत वर आले, तर दहा पावलांवर वाकड्या चोचीचा बांदुरिया पक्षी चिखल टोचत फिरत होता. मी इतकी घाबरले होते की हलवेना.

“सोडलीस का रे?” ऑर्फेलिनाबाईंनी लांबून विचारलं.

“सोडली, सासूबाई. ते काय, त्या भोकात.”

“आणि काडी?”

एलिएसेरनं हातातल्या काडीकडे बघितलं. त्याच काडीनं तो बुटाचा चिखल खरवडत होता.

“नदीत कुठल्याही दगडाखाली सोडलं तरी चालतं, सासूबाई.”

“नदीतले भाडेकरू रे! या मालकिणी आहेत. लग्न झाल्यावर तुला माझ्या नेलिदाच्या खोलीत पाठवलं होतं, की शेजारणीच्या?”

त्याचे कान लाल झाले. तेवढ्यात बाईंना मी दिसले. त्यांनी हातातला पंप टाकून पक्ष्याला हुसकलं. माझं बीळ आता कोण ओळखणार? चहूकडे नुसती भोकंच भोकं. “पहार घे,” बाई म्हणाल्या, “नवीन घर काढून दे तिला.”

त्यानं पहार रोवून फिरवली, भोकात पाणी झिरपलं. मग मला उचलताना त्याचा अंगठा माझ्या उरल्या नांगीत आला. मी धरला, होता नव्हता तेवढा जोर लावून.

“झटकू नकोस!” बाई ओरडल्या. “अंडी सांडतील.”

चावा बसला की माणूस हात झटकतो, मला ठाऊक आहे. हा झटकेना. दात आवळून बसून राहिला, अंगठ्यातून रक्त आलं.

“सासूबाई, सोडत नाहीये.”

“सोडेल. तिला घर तर बघू दे.”

मग तसाच, मी लोंबकळत असताना, त्यानं हात हळूच पाण्यात घातला. गार पाणी अंड्यांना लागलं. चिखलाला कुणाचाच वास नव्हता. मी नांगी सैल केली.

त्या रविवारी त्यांनी माझ्या शेजाऱ्यांच्या शेपट्या उकडून खाल्ल्या. खावोत. पंप आहे तोवर ते खाणार, पाणी आहे तोवर आम्ही खणणार. माझी नांगी पुन्हा फुटतेय, अजून गवताच्या पात्याएवढी आहे. पोरं बाहेर पडलीत, व्हायला हवी होती त्यापेक्षा कमी, पण माझ्यापासून हलत नाहीत. एवढंच मागते तुमच्यापाशी. मला धरलंत आणि मी चावले, तर खुशाल शिव्या द्या. हात तेवढा झटकू नका.