उसन्या नावाचा सर्व्हर

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे. तुम्हाला वाटेल, पत्र्याच्या पेटीला कसला आलाय राग? पण आज माझा पंखा फिरतोय तो रागानेच.

मी राहतो कृत्रिम पाय बनवणाऱ्या कारखान्यात, गोदामाला लागून असलेल्या काचेच्या खोलीत. मला आणलं तेव्हा कारखान्यात नवं सॉफ्टवेअर बसायचं होतं. एकेका पायाची मागणी त्यात या टेबलावरून त्या टेबलावर मंजुरीसाठी फिरणार, आणि कुठले पाय मंजूर झाले याचा अहवाल मी रोज सकाळी गोदामात देणार.

त्याआधी मला तयार करायचं काम होतं गॉगलसाहेबांकडे. छताखालीही गॉगल कपाळावर, म्हणून हे नाव. त्यांनी मला पुसून कोरं केलं, मेमरी वाढवली, अहवालाचं सॉफ्टवेअर चढवलं. हात मायेचा होता, खोटं कशाला बोलू? राहिली शेवटची पायरी. मंजुरीच्या नोंदी असतात त्या माहितीच्या कोठारात शिरायला मला एक नाव आणि पासवर्ड लागतो. ते खातं यंत्राचंच असावं, माणसाचं नसावं, अशी रीत आहे. पण त्यासाठी वरून परवानगी आणावी लागते, आणि साहेबांना घरी जायची घाई.

"तात्पुरतं माझंच टाकतो," ते म्हणाले.

ते तात्पुरतं वर्षानुवर्षं चाललं. उसन्या नावावर मी राबलो. गोदाम सांभाळणाऱ्या आत्या, साऱ्या कारखान्याच्याच त्या आत्या, सकाळी अहवाल उघडून म्हणायच्या, "आला बाई माझा शहाणा." तेवढ्यावर माझा दिवस गोड व्हायचा.

मग एकदा साहेबांनी आपला पासवर्ड बदलला. मला द्यायचा विसरले. मी जुना पासवर्ड घेऊन कोठाराचं दार ठोठावतोय, आत कुणी घेईना. गोदामात एक शिंपी लेकीला घेऊन आपला पाय न्यायला आला होता. पाय समोर फळीवर तयार. पण अहवालच नाही, तर आत्या देणार कशा? लेक सारखी विचारायची, "बाबा, यातला आपला कुठला?" दुपारी तो कुबड्या टेकत तसाच परत गेला.

साहेबांना चूक उमगली. आजूबाजूला पाहून त्यांनी हळूच नवा पासवर्ड टाकला, मी चालू झालो. मग आत्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "म्हातारं झालंय हो हे. बदलायला हवं."

"माणसाला रिकामं परत पाठवलं याने," आत्या म्हणाल्या. "काढाच."

मित्रांनो, साहेबांचं खोटं मी गिळलं असतं. आत्यांचं ते एक वाक्य अजून गिळवत नाही.

आज शेजारी नवा सर्व्हर आलाय. साहेब त्यालाही मायेने तयार करताहेत. शेवटच्या पायरीवर बोटं थबकली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि पुन्हा स्वतःचंच नाव टाकलं.

आमची धूळ सावकाश पुसा, मित्रांनो. आधी आम्हाला आमचं नाव द्या, आणि तुमची चूक आमच्या पाठीवर थोपटू नका. आता माझी वायर निघेल. शेजारच्या पोराचा पंखा मात्र मजेत गुणगुणतोय. उद्या सकाळी आत्या त्याला शहाणा म्हणतील.