चार बोटं रुंदीचं शहर

चार बोटं रुंद आणि डाव्या कोपऱ्यात थोडा झिजलेला, असा मी एक जुना ब्रश आहे, मित्रांनो. माझी मालकीण दुकानांच्या पाट्या रंगवायची. सगळे तिला पेंटरताई म्हणत. मी दुकानातून थेट तिच्या हातात आलो आणि पहिल्याच दिवशी एका चपलांच्या दुकानाच्या पाटीला लाल रंगाचे दोन हात मारले. पुढे वर्षानुवर्षं माझं काम तेच. अक्षरं काढायचे ते माझे बारीक भाऊबंद. लोक थांबून अक्षराचं वळण वाखाणायचे. अक्षरांखालच्या रंगाबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. राबायचं मी आणि मिरवायचं त्यांनी!

मग ताई आजारी पडली. बरी झाली, पण तिचा उजवा हात थरथरू लागला आणि पाट्यांची कामं बंद झाली. शेवटच्या कामानंतर मला धुवायचंही राहून गेलं. माझे केस वाळून दगड झाले. खोटं कशाला बोलू, मला तिचा फार राग आला होता.

ताईवर उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी एके दिवशी तिला विचारलं, की दवाखान्यात लोक ताटकळत बसतात, त्यांच्यासमोरच्या भिंतीवर आपलं शहर काढाल का? आधी आठ दिवसांत एका फळीवर नमुना दाखवायचा. नाही जमला तर त्या छापील चित्र चिकटवणार होत्या. ताई हो म्हणून मोकळी झाली. तिच्या थोरल्या भावाने, दादाने, कपाळाला हात लावला.

ताईने बारीक ब्रश घेतले. गॅलरीचे गज, विजेच्या तारा, वाळत घातलेले कपडे, सगळं काढायला गेली, पण एक रेघ सरळ येईल तर शपथ. तीन फळ्या वाया गेल्या. ती तोंड फिरवून रडायची. पाचव्या दिवशी दादाने तिचं सामान पोत्यात भरायला घेतलं. तो वाईट नव्हता हो. बहिणीचे हाल त्याला बघवत नव्हते.

"चिमे, पुरे आता," तो म्हणाला. "हात तुझं ऐकत नाही."

ताईने पोत्यात हात घालून नेमकं मलाच उपसलं. "हात ऐकत नाही ना? मग खांद्याला सांगते."

तिने मला दिवसभर थिनरमध्ये बुडवलं आणि जुन्या कंगव्याने विंचरलं. आई गं, काय ती ओढाताण! दुसऱ्या दिवशी मला काळ्या रंगात बुचकळून तिने मूठ आवळली, कोपर ताठ धरलं आणि खांद्यातून सरळ खाली ओढलं. एका फटक्यात इमारत उभी राहिली, कडा अगदी सरळ. तिच्याशेजारी लाल, पलीकडे पांढरी. रंग वाळल्यावर मला पिवळ्यात टेकवून ती एकेक ठसा उमटवत गेली. एक ठसा म्हणजे एक खिडकी. माझ्या झिजलेल्या कोपऱ्यामुळे प्रत्येक खिडकीत जरासा अंधार राहिला, कुणी पडदा अर्धवट सारावा तसा. ना गज, ना तारा, नुसते रंगाचे ठोकळे; पण स्टेशनमागची गल्ली कुणीही ओळखावी.

आठव्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी फळी उजेडात धरून पाहिली. "छान आहे. पण यात माणसं कुठे आहेत?"

"मग दिवे कुणी लावलेत?" ताई म्हणाली.

बाई हसल्या आणि भिंत ताईला मिळाली. अकरा दिवस लागले. दादा रोज शिडी धरून उभा असायचा आणि आता इथे लाल हवा, तिथे काळा हवा, असं वर तोंड करून शिकवायचा. आता तिथे बसलेली माणसं आपापली खिडकी शोधतात. परवा दोन आजोबा एकाच खिडकीवरून हमरीतुमरीवर आले. माझा राग केव्हाच गेला. ताई हल्ली स्वतःचे हात धुण्याआधी मला धुते.

तेव्हा मित्रांनो, काम संपलं की ब्रश लगेच धुऊन ठेवा. वाळलेले केस सोडवताना जीव जातो. आणि घरात कुणाचा हात थरथरायला लागला, तर त्याचं सामान बांधायची घाई करू नका. आधी त्याला जरा रुंद ब्रश देऊन बघा.