नव्या रंगातली जुनी रॅकेट

मी एक जुनी रॅकेट आहे. निदान मला तरी तसं वाटतं. कारण आज माझ्या अंगावर कोरा करकरीत काळा-हिरवा रंग आहे, माझ्याच रूपाच्या तीन रॅकेटी माझ्या शेजारी आहेत आणि कोणी 'ही नवीच दिसते की' म्हणालं, तर मान डोलवावी की रागवावं हेच मला समजत नाही. मित्रांनो, माझा गोंधळ आजकालचा नाही. तो पहिल्यापासून सांगते. सांगता सांगता मलाच काही उलगडलं तर बरंच आहे.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते इथलं, छत्रपती संभाजीनगरातलं. सिडकोतल्या एका साहेबांनी पोट कमी करायचं म्हणून मला विकत आणलं. पोट जागच्या जागी राहिलं आणि मी दिवाणाखाली गेले. पुढं घर आवरताना त्यांनी मला रद्दीसारखं काढून टाकलं आणि मी औरंगपुऱ्यातल्या एका खेळाच्या दुकानात, जुन्या मालाच्या ढिगात येऊन पडले. तिथं माझ्या एका बाजूला फुटके स्टंप होते नि दुसऱ्या बाजूला हवा गेलेला फुटबॉल. आपण नेमक्या कोणत्या खेळाच्या, हे तिथं मला कोणी सांगितलं नाही.

एके दिवशी राजकुमार नावाचे गृहस्थ दुकानात आले. ते वाळूजला एका कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये कामाला होते. गाड्यांच्या सुट्या भागांवर फवाऱ्यानं रंग मारायचा, हे त्यांचं काम. त्यांच्या मुलीला, विशाखाला, शाळेत बॅडमिंटनची रॅकेट आणायला सांगितली होती. बॅडमिंटनच्या रॅकेटी संपलेल्या. दुकानदारानं मला वर काढलं, फडक्यानं पुसलं आणि म्हणाला, "ये लेके जाव भाई, ये टूटती नै." राजकुमारांना ते पटलं. शेवटी मजबूत ते चांगलं.

पडेगावच्या घरी आल्यावर विशाखाच्या आईनं, रत्नमालाबाईंनी, मला उलटंपालटं करून पाहिलं आणि चार्जिंगचं बटण कुठं आहे म्हणून विचारलं. त्यांना मी मच्छर मारायची बॅट वाटले होते! अगं बाई, मला तरी कुठं माहीत होतं मी कोण ते? दोन डास समोरून गेले तेव्हा मीही थोडी ताठ झाले. दुसऱ्या दिवशी शाळेत विशाखानं मला घेऊन शटल मारलं, तर ते शाळेची भिंत ओलांडून दौलताबादच्या रस्त्यावर पडलं. सगळी पोरं खो खो हसली. मग खेळाच्या सरांनी मला हातात घेतलं आणि ही टेनिसची आहे असं सांगितलं. त्या दिवशी मला माझी जात कळली, पण खेळ काही कळला नाही.

विशाखा तेव्हा एवढीशी होती आणि मी मोठ्या माणसाच्या हाताची, जड. एका हातानं मी तिला उचलेच ना. म्हणून ती मला दोन्ही हातांनी धरायची, उजव्या बाजूलाही आणि डाव्या बाजूलाही. पण माझी मूठ एका हातापुरती. तिचा वरचा हात मुठीच्या बाहेर, गुळगुळीत दांड्यावर यायचा नि घामानं सटकायचा. राजकुमारांनी कारखान्यातून उरलेली मास्किंग टेप आणली. रंगाचं काम करणारे जिथं रंग लागू द्यायचा नसतो तिथं जी कागदी टेप चिकटवतात, ती. मुठीपासून वर वर अशी त्यांनी ती गुंडाळत नेली आणि तिच्यावर एक जुनी सुती पट्टी बांधली. मी पायाला प्लॅस्टर घातल्यासारखी दिसू लागले. पण विशाखाचे दोन्ही हात बसले.

त्यांच्या घरामागं पाण्याच्या टाकीची भिंत आहे. विशाखा त्या भिंतीवर बॉल मारायची. अडचण एकच होती. तिच्या पाठीमागं लगेच उघडी नाली होती. मागं सरकलं की पाय नालीत. त्यामुळं बॉल टप्पा घेऊन वर येतो न येतो तोच पुढं होऊन मारायची तिला सवय लागली. पुढं शहरातल्या कोर्टावर विश्वजीत सर तिला शिकवू लागले, तेव्हा त्यांनी विचारलं की एवढ्या लवकर बॉल घ्यायला कोणी शिकवलं. विशाखा लाजून म्हणाली, नालीनं. सरांनी तिचा एक हात सोडवायचा पुष्कळ प्रयत्न केला. तिनंही मनापासून केला. पण एका हातानं मारलेला बॉल कुठंही जायचा आणि मी तिच्या हातात अशी वळवळायचे, की मलाच चक्कर यायची. शेवटी सर म्हणाले की राहू दे बाई, तुझं तूच खेळ.

ती तिचं तीच खेळली आणि जिंकत गेली. शाळा, जिल्हा, राज्य असं करत ती परगावच्या मोठ्या स्पर्धांना जाऊ लागली. पेपरात फोटो आला. फोटोत मी होते, पण माझं नाव कुठंच नव्हतं. मी थोडी नाराज झाले, कारण माझी ठाम समजूत होती की खेळते मीच. ती फक्त मला धरते. गुण मोजायची भानगड मात्र मला आजतागायत कळलेली नाही. पंधरा, मग तीस, मग चाळीस. पंचेचाळीस का नाही? रत्नमालाबाईंनीही एकदा हेच विचारलं होतं. सरांनी खूप समजावलं आणि शेवटी हात टेकले.

आता मुख्य गोष्टीकडं येते. यंदा विशाखा व्यावसायिक स्पर्धा खेळू लागली आणि खेळाचं सामान बनवणाऱ्या एका कंपनीनं तिला तीन नव्या रॅकेटी दिल्या. काळ्या-हिरव्या, चकचकीत. बूट, कपडे आणि प्रवासही कंपनीचा. अट अशी की खेळताना हातात तोच रंग दिसला पाहिजे, आणि वर्षभरात एकदा तरी पात्रता फेरी पार करून मुख्य स्पर्धेत नाव लागलं पाहिजे. नाही लागलं तर पुढच्या वर्षी काही मिळणार नव्हतं, आणि कंपनीशिवाय गावोगाव फिरून खेळणं त्या घराला झेपणारं नव्हतं. म्हणजे विशाखाचं टेनिस या एका वर्षावर येऊन टेकलं होतं.

आणि नव्या रॅकेटीनं तिला खेळताच येईना! बॉल रेषेबाहेर नाहीतर नेटमध्ये. कोणी म्हणालं वजनाचा फरक, कोणी म्हणालं तारा सैल करा. तारा सैल केल्या, मग घट्ट केल्या. काही उपयोग झाला नाही. पात्रता फेरीत ती हरत राहिली. मग विश्वजीत सरांनी कंपनीच्या माणसाला विचारलं, तर तो म्हणाला की सवय होईपर्यंत जुनीच वापरा, फक्त रंग आमचा द्या, बरेच खेळाडू असंच करतात. हे ऐकून माझं डोकंच चालेना. मी जुनी म्हणून हवी, पण नवी दिसले तरच चालणार!

रंगवायला घरात माणूस होताच. राजकुमारांना लई आनंद झाला. स्कूटरच्या मडगार्डाला द्यावेत तसे त्यांनी मला थरावर थर दिले आणि वर चकाकीचा हात फिरवला. त्यात तोंड दिसेल अशी मी झाले. फक्त विशाखानं मला उचललं, तर माझं डोकं खाली. एवढी मी जड झाले होते. पहिलाच बॉल तिनं मारला तो तिच्याच पायावर पडला. राजकुमारांचं तोंड पाहवेना.

सुट्टीच्या दिवशी ते मला अंगणात घेऊन बसले आणि पॉलिश पेपरनं सगळा रंग घासून काढू लागले. कामातल्या वस्तूशी बोलायची त्यांना सवय आहे. माझी माफी मागत, हसत, ते घासत होते. घासता घासता दांडा जिथं दोन फाट्यांत विभागतो तिथं त्यांचा हात थांबला. तिथं तडा होता. केसाएवढा, पण आरपार. त्यांनी अंगठ्यानं दाबून पाहिलं तर मी करकरले. मला स्वतःलाही तो ठाऊक नव्हता, खरंच सांगते. "आता काय करू गं?" ते म्हणाले. नाशिकची स्पर्धा तोंडावर आली होती. वर्षातली शेवटची. त्यांनी मला हलकासा एकच हात रंगाचा दिला आणि घरात कोणालाही काही सांगितलं नाही.

नाशिकला विशाखा माझ्याबरोबर खेळली आणि शेवटच्या पात्रता सामन्यापर्यंत पोचली. प्रत्येक फटक्याला माझा तडा वाढत होता. राजकुमार वर पायऱ्यांवर बसून माझं करकरणं ऐकत होते. शेवटच्या सामन्याच्या सकाळी विशाखा अंघोळीला गेली, तेव्हा मी सामन्यातच मोडेन या धास्तीनं त्यांनी माझी सुती पट्टी सोडली. मग एक नवी रॅकेट घेतली, तिच्या दांड्यावर माझ्याएवढ्याच उंचीपर्यंत मास्किंग टेप गुंडाळली आणि वर माझी पट्टी बांधली. ती हुबेहूब मी झाली. तिला त्यांनी विशाखाच्या किटमध्ये ठेवलं आणि मला, उघड्या मुठीची, स्वतःच्या कापडी पिशवीत. माझं रूप तिकडं, माझी पट्टी तिकडं, मग पिशवीत कोण होतं?

सामना सुरू झाला. राजकुमार पिशवी छातीशी धरून पायऱ्यांवर बसले. माझं डोकं पिशवीतून बाहेर आलेलं होतं, त्यामुळं मला सगळं कोर्ट दिसत होतं. आणि मित्रांनो, तेव्हा मला कळलं की मी विशाखाला खेळताना कधी पाहिलंच नव्हतं. इतकी वर्षं मी तिच्या हातात. मला दिसायचा तो फक्त येणारा बॉल. बॉल यायच्या आधी ती ओठ चावते, हे मला माहीत नव्हतं. पाय आधी निघतात आणि हात मागून येतात, हेही माहीत नव्हतं. हरलेल्या गुणानंतर ती वळून पाठमोरी होते आणि डोळे पुसते, तेही मी पहिल्यांदा पाहिलं. मला वाटायचं खेळते मी. मी तर पिशवीत होते आणि खेळ तिकडं चालला होता! मला आनंद झाला की रडू आलं, हे मला आजही सांगता येणार नाही.

पहिला सेट गेला. दुसरा तिनं घेतला. तिसऱ्यात ती पुढं पुढं येऊन, दोन्ही हातांनी, टप्प्यावरच बॉल घेऊ लागली. समोरच्या मुलीला श्वास घ्यायला फुरसत मिळेना. शेवटचा बॉल समोरच्या रेषेवर पडला आणि पंचांनी विशाखाचं नाव घेतलं. मुख्य स्पर्धेत तिचं नाव लागलं होतं. राजकुमार उठलेच नाहीत.

विशाखाच वर आली. घामानं निथळत ती त्यांच्याजवळ बसली आणि हळूच पिशवीकडं बोट दाखवून म्हणाली, "पप्पा, पहिल्याच बॉलला कळलं मला."

"मग बोलली का नाय?"

"वर पाह्यलं तर तुमी असे पिशवी धरून बसलेले. म्हनलं, मी काही बोलले तर हे तिथंच आडवे होतेल."

"पन मग खेळली कशी तिच्यावर?"

"वरच्या हाताला जागा भेटली ना. तुमी टेप लावली म्हनून."

"ती तर मी तुला फसवायला लावली गं," असं म्हणून राजकुमार हसायला लागले आणि हसता हसता रडायला लागले. तेव्हा कुठं त्यांच्या आणि माझ्या ध्यानात आलं. नव्या रॅकेटींची मूठही एका हातापुरतीच होती, म्हणून तिचा वरचा हात सटकत होता. पण नव्या कोऱ्या वस्तूला टेप कोण चिकटवतं? घरात, कोर्टावर, साऱ्यांना ती टेप म्हणजे जुन्याची मलमपट्टीच वाटत होती. सरांनाही आणि मलाही.

विशाखानं मला पिशवीतून काढलं. तडा तिला लगेच सापडला. तिनं त्यावरून बोट फिरवलं आणि बापाला म्हणाली, "असं काही असलं तर सांगायचं, पप्पा. सामना असला तरी सांगायचं." राजकुमार व्हय म्हणाले.

संध्याकाळी सामान आवरताना त्यांनी मला टॉवेलांच्या खाली सरकवलं होतं. विशाखानं मला पुन्हा वर काढलं आणि सांगितलं की उद्याही हिला घेऊनच बसा. उद्या मुख्य स्पर्धेतला तिचा पहिला सामना आहे. समोरची कोण, ती कशी खेळते, कोण जिंकणार, मला काही म्हणजे काही माहीत नाही. मी जुनी की नवी हे अजून ठरलेलं नाही.

पण मित्रांनो, एक विनंती करते. तुमच्या घरातही माझ्यासारखं काही तरी असेल. त्याला तडा गेला असेल तर रंग देऊन झाकू नका, खरं काय ते सांगा आणि त्याचं काम थांबवा. त्याची पूजा करू नका, कुलपातही घालू नका. ते ज्या माणसाच्या हातात झिजलं, तो माणूस दिसेल अशा जागी ठेवा. आणि ठेवताना एवढं करा, त्याचं तोंड त्या माणसाकडं करून ठेवा.