चौथी बॅटरी

पालीच्या मच्छीमार सोसायटीने विजेची नाव घ्यायचं ठरवलं आणि आसारामची झोप उडाली. पावसाने दगा दिला होता. तलाव आटून मासळी पार धरणाच्या भिंतीजवळच्या खोल पाण्यात जाऊन बसली होती, आणि तिकडे मासळी काठावर उतरवून घ्यायला वाट नव्हती. वाऱ्याशी झगडत वल्ही मारत काठाला यावं, तोवर बीडचा बाजार उरकलेला.

त्यात केशरबाईने, त्याच्या बायकोने, घरात आपला निकाल आधीच देऊन ठेवला होता. तिची भावजय बाळंतीण, म्हणून भावाचा कोयता, म्हणजे ऊसतोडीची नवरा-बायकोची जोडी, यंदा अर्धाच राहिलेला. नाव भिंतीला जाऊन परत आली तर मासळीवर घर चालेल आणि ती राहणार, नाहीतर गुरुवारी ट्रकात बसून भावाबरोबर ऊसतोडीला जाणार. सहा महिने! आसारामला नुसत्या कल्पनेने घर खायला उठायचं.

मोटारी दुरुस्त करण्यात त्याची हयात गेलेली, म्हणून बॅटरीचं काम त्याच्या गळ्यात. बैठकीत सगळ्यांचा हट्ट बारा व्होल्टचा. त्याने घसा कोरडा केला. दोन हजार वॅटची मोटार बारा व्होल्टवर पावणेदोनशे अँपिअर ओढणार, अंगठ्याएवढी तारसुद्धा तापणार. चार बॅटऱ्या एकापुढे एक जोडून अठ्ठेचाळीस केले, तर करंट चौथाईवर येतो. शेवटी पटलं, आणि चार घरांनी आपापल्या इन्व्हर्टरची एकेक बॅटरी द्यायची ठरली.

इथेच घोळ झाला. पालीत कुणाच्या घरातून हिश्शाची वस्तू आली, की ती कपाळाला लावून घ्यायची, तपासायची नाही. सुग्रीवने एकदा सप्ताहाला आलेलं पोतं गहू किडका म्हणून परत धाडलं, तर दोन वर्षं त्याच्या दारी कुणी पाऊल ठेवलं नाही. बुधवारी आसारामने एकटा असताना चारही बॅटऱ्यांवर ट्रॅक्टरचा दिवा लावून पाहिला. तीन ठणठणीत. चौथी साडेबारा व्होल्टवरून थेट नऊवर घसरली. ती चेअरमन सुंदररावांच्या घरची होती. एक मेलेली बॅटरी बाकी तिघींना घेऊन बसते, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. तरी त्याने तोंडातून ब्र काढला नाही आणि तीच जोडली.

गुरुवारी सकाळी केशरबाईने गाठोडं बांधता बांधता एकदाच विचारलं, "खरं सांगा, चालंल का?"

"चालंल," तो म्हणाला. तिच्याकडे मात्र त्याने पाहिलं नाही.

नाव झोकात निघाली. काठावर टाळ्या पडल्या. अर्ध्या पाण्यात मोटार कण्हली आणि बंद पडली. आसारामने पुन्हा चालू केली, पुन्हा बंद. आता काय! तो वल्ही मारू लागला. काठावर केशरबाई थोडा वेळ उभी होती. मग तिने गाठोडं उचललं आणि सडकेकडे गेली. ट्रकचा हॉर्न त्याला पाण्यातच ऐकू आला.

काठाला लागल्यावर त्याने सुंदररावांना मान खाली घालून सांगितलं, की त्यांची बॅटरी मेलेली आहे हे त्याला कालच कळलं होतं. त्यांनी वाकून बॅटरी पाहिली.

"आरं, ही तर बाद केलेली. गड्यानं चुकून हीच उचलली. नवी शेडात पडून हाय. काल कावून न्हाई बोललास?"

आसाराम खाली वाकून त्या बॅटरीच्या तारा सोडवू लागला.

तासाभरात नवी बॅटरी आली. नाव भिंतीपर्यंत जाऊन आली, एकदाही न थांबता. सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली. आसाराम घरी आला, आणि बाहेरूनच कडी घातलेल्या दारासमोर बराच वेळ बसून राहिला.