बिनआवाजाची गाडी

"बोनेट उघडा ना काका," कमलेश म्हणाला आणि सवयीनं बाजूला सरकून उभा राहिला. मीही सवयीनंच खिशातला लांब स्क्रू ड्रायव्हर काढला. टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. चाळीस वर्षं जुन्या गाड्या मी अशाच पारखत आलोय. बोनेट वर गेलं आणि स्क्रू ड्रायव्हर हातातच राहिला. आत ऐकण्यासारखं काही नव्हतंच. एक बंद पेटी, जाड नारिंगी वायरी आणि काच धुवायच्या पाण्याची टाकी.

"मना यातला काय कलत नाय," कमलेश म्हणाला. "तुमी बोलाल तोच भाव."

कमलेश डोंबिवलीच्या मानपाड्याचा, पिढीजात जमीनवाला. माझं गॅरेज त्याच्याच गावात, त्यामुळे त्याच्या दारातली प्रत्येक गाडी माझ्या कानांखालून गेलेली. त्याच्याच काय, डोंबिवलीत कुणी जुनी गाडी घ्यायला निघाला, की शेजारी सांगतात, आधी धाकूकाकांना ऐकव. माझा नियम एकच. खोट असेल ती विकणाऱ्याच्या तोंडावर सांगायची आणि बदल्यात फक्त चहा घ्यायचा. आज पंचाईत अशी होती की विकणारे आम्हीच होतो. ही छोटी इलेक्ट्रिक गाडी माझ्या मुलाची, संदेशची. गेल्या श्रावणात तो गेला. तीन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. चाळीशीसुद्धा गाठली नाही पोरानं.

गाडी घेतली तेव्हा त्यानं मला विचारलं नव्हतं. अख्खं गाव मला विचारून गाडी घेतं आणि माझा मुलगा परस्पर बुक करून येतो, हे मला झोंबलं. पेढे घेऊन आला, म्हणाला, बाबा, स्वस्तातली आहे, पण ठाण्याला नौपाड्यात ऑफिसला जायला-यायला बास. चला, एक चक्कर मारू. मी पेढा खाल्ला आणि म्हटलं, "जिला आवाज नाही तिची किंमत मी काय करणार? हे खेळणं माझ्या गॅरेजच्या दारात आणू नकोस. गिऱ्हाईकं हसतील मला."

तो उलटून बोलला नाही. कधी बोलायचाच नाही. पण त्यानंतर चक्कर मारू या, असंही कधी म्हणाला नाही. पावणेदोन वर्षं ती गाडी आमच्या कोपरच्या बिल्डिंगखाली उभी राहायची आणि मी तिच्याशेजारून जायचो, एकदाही आत बसलो नाही. मानपाड्याहून रिक्षा, मग दुखरे गुडघे धरत स्टेशनचा पूल, पलीकडे पुन्हा रिक्षा. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ मीच.

विकायचं काढलं ते सुनेनं, शिवानीनं. तिला चालवता येते, पण तो गेल्यापासून ती स्टिअरिंगला बसलेली नाही. दर रविवारी चार्जिंगला तेवढी लावते. तिला काळजी आमच्या हिची होती. पहिल्या मजल्यावर आमची गॅलरी. साडेसात वाजले की हौसा तिथं जाऊन उभी राहते. आधी मी रागावायचो. एकदा ती शांतपणे म्हणाली, "दुसरी गाडी असती तर आवाज आला नाही म्हणजे तो आला नाही, एवढं तरी कळलं असतं. या गाडीचं काय? तो कधी खाली येऊन उभा राहिलेला असायचा, कळायचंच नाही. बघावंच लागतं."

खोटं कशाला सांगू, तेव्हापासून मलाही तो चाळा लागला. घर गप्प झालं की वाटतं, आला. जितकं जास्त गप्प, तितकं जास्त वाटतं. चाळीस वर्षं ज्या कानांचं खाल्लं, त्या कानांनी या वयात माझ्यावर सूड घ्यावा, तसं झालंय.

असो. मी स्क्रू ड्रायव्हर खिशात घातला आणि डोळ्यांनी गाडी बघायला घेतली. टायर बघितले, दारांच्या फटी बघितल्या, खाली वाकून बॅटरीच्या पत्र्याला कुठं मार बसलाय का तेही बघितलं. पुढच्या बंपरला डावीकडे ओरखडा होता, तो कमलेशला दाखवला. ड्रायव्हरची सीट पार मागे सरकवलेली होती. संदेश उंच होता. तिला मी हात लावला नाही.

मग कमलेशनं मुद्द्याचं विचारलं, एका चार्जिंगमध्ये खरोखर किती जाते? कंपनी काय, काहीही छापते. शिवानी म्हणाली, मोबाइलमध्ये सगळं आहे, गाडी कुठून निघाली, कुठं थांबली, किती बॅटरी गेली. तिनं यादी उघडून फोन माझ्या हातात दिला. मी चष्मा लावला. नौपाडा ते मानपाडा, सहा चाळीसला थांबली. सहा पंचावन्नला मानपाडा ते कोपर. खाली सरकवलं. नौपाडा ते मानपाडा. मानपाडा ते कोपर. आठवड्यातून चार चार दिवस. कधी दहा मिनिटं, कधी वीस.

मानपाडा नावाला बोट लावलं तर नकाशा उघडला. माझ्या गॅरेजची गल्ली. समोरची बाजू, विजेच्या डीपीजवळ.

शिवानी माझ्या खांद्यावरून बघत होती. "तुम्हाला न्यायलाच थांबायचे ना," ती म्हणाली. "मी विचारायचे, बाबा का नाही आले? तर म्हणायचे, त्यांचं काम संपलेलं नव्हतं, पुढं जा म्हणाले."

कमलेश बघत होता. ती बघत होती. इंजिनाची गाडी असती तर गल्लीच्या तोंडाशीच मी ओळखली असती, कुणाची आहे आणि कितव्या गिअरमध्ये आहे तेसुद्धा. ही गाडी यायची, उभी राहायची, निघून जायची. दारात आणू नकोस म्हटलं होतं ना मी, म्हणून त्यानं ती दारात आणली नाही. समोर उभी केली. आणि मी गाडीत डोकं घालून उभा असायचो.

"हो," मी म्हटलं. "काम असायचं."

आयुष्यात गाडीबद्दल मी पहिल्यांदा खोटं बोललो, आणि तेही सुनेशी.

एका चार्जिंगला एकशे सत्तर धर, मी कमलेशला सांगितलं. छापील आकडा विसर. तो म्हणाला, मग एक ट्रायल घेऊ. रुपालीला, म्हणजे त्याच्या बायकोला, गाडी हवी होती, तिलाही दाखवता येईल. त्यानं सीट पुढे ओढून घेतली, खडखड आवाज झाला. मी डावीकडे बसलो. पहिल्यांदाच. गाडी निघाली, पूल ओलांडला, मानपाडा रोडला लागली, तरी निघाल्यासारखं वाटेना. माझे कान उगाच काहीतरी शोधत होते. खड्ड्यात आपटली तेवढी खालून बोलली. सस्पेन्शन ठीक होतं.

गल्लीशी आल्यावर मीच म्हटलं, इथं जरा थांबव. डीपीजवळ. रविवार होता, गॅरेज बंद होतं. पण दार जाळीचं, त्यामुळे तिथून आतलं सगळं स्वच्छ दिसत होतं. बल्ब, पाने टांगलेली फळी, मी बोनेटमध्ये वाकून काम करतो ती जागा. तिथं उभ्या माणसाची इथून फक्त पाठ दिसली असती. पंधरा मिनिटं कसली बघायचास रे माझी पाठ? उतरून एक हाक मारली असतीस तर मी शिव्या दिल्या असत्या, हे खरं. पण आलो असतो. शपथेवर सांगतो, दुसऱ्या हाकेला आलो असतो.

"मंग काका, कशी हाय?" कमलेशनं विचारलं. "घिऊ का?"

"चांगली आहे," मी म्हटलं. "बॅटरीची वॉरंटी बाकी आहे. एकाच हातानं नीट वापरलेली आहे. ज्यानं निवडली, त्यानं बघून निवडली. घे तू."

मी समोर बघतच बोललो. कमलेश खूश झाला. मग त्याला काहीतरी आठवलं. हॉर्न बघायचा राहिला, म्हणाला आणि त्यानं स्टिअरिंगवर तळवा दाबला.

खणखणीत वाजला. पुढच्या दुकानातला माणूस दचकून बाहेर आला, वरच्या खिडकीत कुणीतरी डोकावलं. जाळीच्या आत, माझ्या जागेवर, कोणी मान वर केली नाही.